म्हात्रे पुलाचे म्हात्रे म्हणजे नक्की कोण?

मुठाकाठी लिहितो:

मंडळी, प्रश्न जरा बावळट वाटेल पण विचारतोच. पुण्यात एवढी वर्षं राहतोय, डीपी रोडला लग्नसराईत ट्रॅफिक तुंबलं की म्हात्रे पुलावर अडकतो, शिव्या घालतो आणि पुढे जातो. हे म्हात्रे कोण हे कधी डोक्यातच आलं नाही. परवा ऑफिसात तिघांना विचारलं. एक म्हणाला जुने नगरसेवक, एक म्हणाला पूल बांधणारे इंजिनियर, तिसऱ्याने तर छातीठोक सांगितलं की स्वातंत्र्यसैनिक. शेवटी मोबाईलवर शोधलं तर वेगळंच निघालं, रवींद्र म्हात्रे, भारताचे डिप्लोमॅट, १९८४ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला काश्मिरी फुटीरतावाद्यांनी त्यांचं अपहरण केलं आणि खून केला.

आता मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. एक म्हणजे काश्मीरचं प्रकरण आणि बर्मिंगहॅम यांचा संबंध काय? लंडन असतं तर समजलो असतो. आणि दुसरं, तुरुंगातल्या मकबूल बट या काश्मिरी फुटीरतावाद्याला त्यानंतर लगेच फाशी दिली असं वाचलं, ते सूड म्हणून होतं का? इथे जुनेजाणते बरेच आहेत म्हणून इथे टाकतोय. लिंका नकोत, नीट सांगा.

जुनी_रद्दी लिहितो:

बावळट काही नाही हो, उलट एवढ्या वर्षांत कुणीतरी विचारलं हेच विशेष. आमच्या पिढीला हे नाव पाठ होतं, आठवडाभर पेपरची पहिली पानं याच बातमीने भरलेली असायची.

थोडक्यात घटनाक्रम असा. रवींद्र हरेश्वर म्हात्रे, वय ४८, बर्मिंगहॅमच्या भारतीय कार्यालयात असिस्टंट कमिशनर. राजदूत वगैरे नाही हं, मधल्या फळीतला अधिकारी. ३ फेब्रुवारी १९८४, शुक्रवार, संध्याकाळी काम संपवून नेहमीसारखे बसने घरी निघाले. घर बार्टली ग्रीन नावाच्या उपनगरात. त्या दिवशी मुलीचा वाढदिवस, हातात केक. बसमधून उतरले आणि तिथेच त्यांना गाडीत कोंबून पळवलं. सरकारी गाडी नाही, बॉडीगार्ड नाही, परदेशातला भारत सरकारचा अधिकारी केकचा खोका सांभाळत बसने घरी जातोय, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. पण त्या काळी हे अगदी सर्रास होतं, इंग्लंडमध्ये कोण काय करणार असाच सगळ्यांचा समज.

मग लंडनला रॉयटर्सच्या ऑफिसात चिठ्ठी आली. 'काश्मीर लिबरेशन आर्मी' अशी सही. हे नाव त्याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं, पण त्यामागे जेकेएलएफची, म्हणजे जम्मू काश्मीर लिबरेशन फ्रंटचीच माणसं आहेत हे लवकरच उघड झालं. मागणी काय, तर दहा लाख पौंड आणि तिहारमध्ये फाशीची वाट बघत असलेल्या मकबूल बटसकट काही कैद्यांची सुटका. मुदत दिली तीही तासांच्या हिशेबातली. ब्रिटिश पोलीस शोधतायत, दिल्लीत बैठका चालल्यायत, तोवर ५ तारखेला रविवारी हिंकलीजवळ शेतातल्या एका रस्त्यावर म्हात्रेंचा मृतदेह मिळाला. गोळ्या घातलेल्या. शुक्रवारी संध्याकाळी पळवलं आणि रविवारी सगळं संपलेलं.

आणि ११ फेब्रुवारीला, म्हणजे सहाव्या दिवशी, तिहारमध्ये मकबूल बटला फाशी. प्रेत नातेवाइकांना दिलं नाही, तुरुंगाच्या आवारातच पुरलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर इथे भांडणं होणार हे नक्की, मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

ब्रमची_सूनबाई लिहिते:

मी बर्मिंगहॅमलाच राहते त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते.

मुठाकाठी, बर्मिंगहॅमच का, याचं उत्तर एका धरणात आहे. पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये मीरपूर म्हणून भाग आहे. तिथे झेलमवर मंगला धरण झालं, १९६७ ला पूर्ण झालं. त्यात जुनं मीरपूर गाव आणि आजूबाजूची शेकडो खेडी पाण्याखाली गेली, लाखभर माणसं उठली. आपल्याकडे कोयनेची माणसं उठून कुठेकुठे गेली ना, तसंच, फक्त यांच्यातले पुष्कळ जण थेट इंग्लंडला आले. तेव्हा इथल्या कारखान्यांना, फाउंड्र्यांना मजूर हवेच होते. बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड वगैरे. आज इथे 'पाकिस्तानी' म्हणून जी लोकं दिसतात त्यातली खूपशी मुळात मीरपुरी आहेत. घरात पहाडी बोलतात आणि अनेकांच्या डोक्यात काश्मीर हा विषय आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार वेगळ्या तऱ्हेने बसलेला आहे. जेकेएलएफची स्थापनाच मुळी १९७७ साली बर्मिंगहॅमला झाली, श्रीनगरला नाही की मुझफ्फराबादला नाही. अमानुल्ला खान इथेच बसून संघटना चालवायचा. म्हणजे त्यांच्या दृष्टीने भारत सरकारचा सगळ्यात जवळचा, हाताशी सापडणारा माणूस कोण, तर बर्मिंगहॅम ऑफिसातला अधिकारी. लंडनच्या उच्चायुक्तालयात पोलीस असतात, इथे कोण होतं.

आता त्या ऑफिसातलं काम काय असतं हेही सांगते कारण डिप्लोमॅट म्हटलं की लोकांना कोट-टाय आणि पार्ट्या दिसतात. इथल्या भारतीय ऑफिसात जाणारा माणूस जातो तो पासपोर्ट रिन्यू करायला, व्हिसाला, बाळाची नोंद करायला, कुणी वारलं तर बॉडी भारतात न्यायचे कागद करायला. लायनी, फॉर्म, फोटोचा साइझ चुकला म्हणून परत पाठवलेली माणसं, असा मामला. आणि तिथे समोर फक्त भारतीय पासपोर्टवाले नसतात, भारतात नातेवाईक असलेले, व्हिसा मागणारे सगळ्याच गावचे लोक असतात. म्हणजे ओळखायला सगळ्यात सोपा आणि संरक्षण सगळ्यात कमी.

बार्टली ग्रीन शहराच्या नैऋत्येला येतं, साधी वस्ती, जवळ मोठा तलाव आहे. हिंकली दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडे लेस्टरशायरमध्ये, इथून चाळीसएक किलोमीटर तरी असेल. फेब्रुवारीत इथे पाचच्या सुमाराला काळोख होतो, तो शेतरस्त्यांचा भाग रात्री किती सुनसान असतो ते एकदा गाडीतून जाताना बघितलंय. त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

दांडपट्टा लिहितो:

सगळं ठीक आहे पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाहीये. म्हात्रे कुणा मंत्र्याचे जावई नव्हते म्हणून गेले!! १९८९ च्या डिसेंबरात त्याच जेकेएलएफने गृहमंत्री मुफ्तींच्या मुलीला पळवलं तेव्हा काय केलं सरकारने? पाच अतिरेकी सोडले, पाच दिवसात. पुढे ९९ ला आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं तेव्हा तुरुंगातल्या मसूद अझहर या अतिरेक्याला मंत्र्याबरोबर विमानात बसवून पोचवलं. आणि म्हात्रेंच्या वेळी मात्र 'आम्ही वाटाघाटी करत नाही'. वा रे वा. मोठ्यांच्या पोरींना एक न्याय आणि आगरी-कोळ्यांच्या, कारकुनांच्या पोरांना दुसरा.

काळा_कोट लिहितो:

दांडपट्टा, राग समजतो पण तुलना घाईची आहे. आणि जातीपर्यंत जायची तर काहीच गरज नव्हती, आडनावावरून अंदाज बांधू नका.

पहिली गोष्ट वेळ. मुफ्तींच्या मुलीचं, रुबैया सईदचं प्रकरण ८ ते १३ डिसेंबर चाललं, मध्यस्थ होते, निरोप जात-येत होते, पळवणाऱ्यांना सौदा हवा होता. व्ही. पी. सिंगांचं सरकार येऊन आठवडा झाला नव्हता, ते पार गडबडलेलं होतं. कंदाहारला तर आठ दिवस आणि दीडशेच्या वर प्रवासी. म्हात्रेंच्या वेळी कुणाशी बोलायचं हेच ठरायच्या आत माणूस मारला. अशा स्थितीत इंदिरा गांधींनी काय करायला हवं होतं? दोन दिवसात तिहारमधून माणूस काढून विमानात बसवायचा? आणि कुणाच्या हवाली करायचा, तर ज्या संघटनेचं नावही शुक्रवारपर्यंत कुणाला माहीत नव्हतं त्यांच्या?

आता मुठाकाठींचा दुसरा प्रश्न, सूड का. मकबूल बटची केस नीट बघा. १९६६ साली तो युद्धबंदी रेषेपलीकडून आला, त्या वेळच्या चकमकीत सीआयडीचे इन्स्पेक्टर अमर चंद मारले गेले. त्या खुनाबद्दल १९६८ ला श्रीनगरच्या कोर्टात न्यायाधीश नीलकंठ गंजू यांनी फाशी सुनावली. त्याच वर्षाच्या शेवटी हा तुरुंग फोडून पलीकडे पळाला. १९७१ च्या जानेवारीत इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' विमान लाहोरला पळवून नेलं आणि तिथे जाळलं, त्यामागे याचंच नाव. (त्या विमानावरून भारताने पाकिस्तानची विमानं आपल्या हद्दीतून उडायला बंदी घातली, आणि बांगलादेश युद्धाच्या वर्षात ती बंदी त्यांना फार जड गेली, पण तो वेगळा विषय.) १९७६ ला परत काश्मीरात घुसला आणि पकडला गेला. जुनी फाशी होतीच. मग दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडे पडून.

म्हणजे शिक्षा म्हात्रेंच्या खुनामुळे झाली नाही, ती सोळा वर्षं जुनी होती. पण अंमल मात्र त्या खुनामुळेच तेव्हा झाला, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. वर्षानुवर्षं हलली नव्हती ती फाइल एका आठवड्यात राष्ट्रपती झैलसिंगांकडून फेटाळून खाली येते आणि शनिवारी सकाळी फाशी, हे आपोआप होत नाही. सरकारला दाखवायचं होतं की आमचा माणूस मारलात तर ज्याच्यासाठी मारलात तोच जाईल. कायद्याच्या चौकटीत बसवलेला राजकीय निर्णय होता. चूक की बरोबर हे ज्याने त्याने ठरवा, मला स्वतःला फाशी चुकीची वाटत नाही, घाई खटकते. कारण त्या घाईनेच बटचा हुतात्मा झाला. पुढे वर्षानुवर्षं ११ फेब्रुवारीला काश्मीरात बंदची हाक असायची. आणि ज्यांनी शिक्षा सुनावली होती त्या गंजूंना ४ नोव्हेंबर १९८९ ला श्रीनगरात भर रस्त्यात गोळ्या घातल्या. त्या एका केसने किती माणसं खाल्ली बघा, अमर चंद, म्हात्रे, गंजू, आणि खुद्द बट.

मुठाकाठी लिहितो:

काका, वकीलसाहेब, ताई, सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर येईल असं वाटलं नव्हतं. मग पकडलं कोणाला? आणि ब्रिटिशांची काही जबाबदारी नव्हती का, त्यांच्या देशात घडलं ना?

ब्रमची_सूनबाई लिहिते:

पकडलं. मोहम्मद रियाझ आणि अब्दुल कय्यूम राजा या दोघांना १९८५ ला जन्मठेप झाली, दोघंही तरुण पोरं होती. बाकीचे हाती लागेपर्यंत पसार झालेले. २००४ साली म्हणजे वीस वर्षांनी अमेरिकेत आणखी एका संशयिताला धरलं, म्हणजे इथल्या पोलिसांनी फाइल बंद केलेली नव्हती. अमानुल्ला खानवर स्फोटकांसाठी लागणाऱ्या रसायनांचा खटला चालला, त्यातून तो सुटला, पण १९८६ च्या शेवटी त्याला देशाबाहेर काढलं. तिथून तो पाकिस्तानात गेला आणि पुढे ८८-८९ ला काश्मीर खोऱ्यात जे पेटलं त्यात जेकेएलएफच पुढे होती. म्हणजे इथून हाकललं खरं, पण फायदा कुणाचा झाला ते तुम्हीच बघा.

काळा_कोट लिहितो:

जबाबदारीचं म्हणाल तर कागदावर आहे, अगदी स्पष्ट. १९६१ चा व्हिएन्ना करार राजदूतावासातल्या लोकांसाठी आणि १९६३ चा पासपोर्ट-व्हिसासारखी कामं बघणाऱ्या कॉन्सुलर अधिकाऱ्यांसाठी. दोन्हींत यजमान देशाने त्या अधिकाऱ्याच्या शरीरावर, स्वातंत्र्यावर, प्रतिष्ठेवर हल्ला होऊ नये म्हणून योग्य ती सगळी पावलं उचलायची असं आहे. सत्तरच्या दशकात डिप्लोमॅट पळवायची जगभर साथच आली होती, त्यावरून १९७३ ला युनोचा वेगळा करार झाला, की असा गुन्हेगार तुमच्या देशात सापडला तर एक तर खटला चालवा नाहीतर ज्याला हवाय त्याच्या ताब्यात द्या. ब्रिटनने खटला चालवला, शिक्षा केली, म्हणजे त्या अंगाने बोट ठेवायला जागा नाही. पण 'योग्य ती पावलं' म्हणजे काय? प्रत्येक असिस्टंट कमिशनरच्या मागे बसमध्ये पोलीस बसवणार का? धोका आहे असं आधी कुणी सांगितलेलं असलं तरच यजमानाला धरता येतं. व्यवहारात हे असंच चालतं.

शिवाजीपार्क_लेगस्पिन लिहितो:

धागा वाचून एक आठवलं. त्याच वर्षी उलटंही झालं होतं, ते सुद्धा आपल्या मुंबईत. पर्सी नॉरिस, ब्रिटनचे मुंबईतले डेप्युटी हाय कमिशनर. येऊन काही आठवडेच झाले होते. २७ नोव्हेंबर १९८४ ला सकाळी ऑफिसला जाताना गाडीतच गोळ्या घालून मारलं. तेव्हा सगळ्यांना आधी वाटलं की इंदिराबाईंच्या हत्येशी संबंध असेल, महिनाही झाला नव्हता, पण निघालं भलतंच, पॅलेस्टिनी अतिरेकी अबू निदालच्या गटाचं काम. भारताशी काही देणंघेणं नाही, ब्रिटनवरचा राग मुंबईच्या रस्त्यावर काढला.

आणि यात क्रिकेट कसं येतं बघा. डेव्हिड गावरची इंग्लंड टीम दौऱ्यावर आलेली. दिल्लीला उतरली आणि काही तासांत इंदिरा गांधींची हत्या. मग दुखवट्याच्या दिवसांत टीम श्रीलंकेला जाऊन आली. मुंबईला आल्यावर या नॉरिससाहेबांनी टीमला घरी पार्टी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, २८ ला, वानखेडेवर पहिली टेस्ट सुरू! खेळाडूंना घरी परत जायचं होतं असं म्हणतात आणि कोणाला नाही वाटणार, आदल्या रात्री ज्या माणसाच्या हातून ड्रिंक घेतलं तो सकाळी मेलेला. तरी खेळले. शिवरामकृष्णन, अठरा वर्षांचं पोर, दोन्ही इनिंगला सहा-सहा विकेट, शास्त्री आणि किरमाणीची सेंचुरी, आपण आठ विकेटनी जिंकलो. स्कोअरकार्ड आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना तोंडपाठ, नॉरिसचं नाव एकालाही माहीत नाही. सिरीज मात्र शेवटी इंग्लंडने २-१ घेतली, अवांतर आहे पण राहवत नाही.

जुनी_रद्दी लिहितो:

लेगस्पिन, चांगली आठवण काढलीत. फरक एवढाच की नॉरिस मोठ्या हुद्द्यावर होते, गाडी-ड्रायव्हर होता, तरी वाचले नाहीत. तेव्हा बसने जाणं हाच काही म्हात्रेंचा घात नव्हे, ठरवून आलेला माणूस गाडीलाही गाठतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात डिप्लोमॅट मारणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गाजणारं हत्यार झालं होतं. एक माणूस मारला की दोन देशांच्या पंतप्रधानांना निवेदन करावं लागतं.

आपल्या लोकांपैकी नंतरचं मोठं म्हणजे काबूल, ७ जुलै २००८. वकिलातीच्या फाटकावर गाडी उडवली, पन्नासच्या वर माणसं गेली, बहुतेक व्हिसाच्या रांगेतले आणि रस्त्यावरचे अफगाण. आपले व्ही. वेंकटेश्वर राव नावाचे परराष्ट्र सेवेतले अधिकारी आणि ब्रिगेडियर आर. डी. मेहता गाडीतून आत शिरत होते ते गेले, आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस) दोन जवान गेले. राव आणि मेहतांना नंतर कीर्तिचक्र मिळालं. चोवीस वर्षांत एवढा फरक पडला, की काबूलच्या फाटकाबाहेर रेतीचे बांध घातलेले होते. मुख्य इमारत वाचली ती त्यामुळे. म्हात्रेंच्या काळी असा विचारच नव्हता कुणाच्या डोक्यात.

दांडपट्टा लिहितो:

वकीलसाहेब, जातीचं बोललो ते मागे घेतो. पण हुद्द्याचं मागे घेणार नाही. समजा म्हात्रेंच्या जागी लंडनचे हाय कमिशनर असते तर? दिल्लीने तासाच्या आत कुणाकडून तरी निरोप पाठवला असता की 'बोलायला तयार आहोत, मुदत वाढवा'. सोडायचं नसेल बटला तर नका सोडू, पण नुसतं बोलत ठेवायला काय जातं? वेळ काढणं हाच तर पोलिसांचा धंदा असतो अशा वेळी. ते झालं नाही एवढंच म्हणतोय.

काळा_कोट लिहितो:

हा मुद्दा रास्त आहे, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की तेव्हा आपल्याकडे अपहरणाच्या वेळी कुणी काय करायचं याची लिहून ठेवलेली पद्धत जवळजवळ नव्हतीच, आणि कंदाहार प्रकरणात पळवलेलं विमान आधी अमृतसरच्या धावपट्टीवर थांबलं असताना जो घोळ घातला तो बघता पंधरा वर्षांनी तरी होती का, देव जाणे.

शिवाजीपार्क_लेगस्पिन लिहितो:

डिप्लोमॅटवरच्या हल्ल्यांचं चाललंय तर आपले ज्युलिओ रिबेरो कसे विसरता? मुंबईचे पोलीस कमिशनर, मग पंजाबात डीजीपी, मग रुमानियाला राजदूत. १९९१ ला बुखारेस्टमध्ये शीख अतिरेक्यांनी गाठलं, गोळ्या लागल्या, तरी जगले. पुढे त्याच भानगडीत दिल्लीत रुमानियाचा एक डिप्लोमॅट पळवला गेला, त्याला नंतर सोडला. त्यावर लिहायला लागलो तर

मुठाकाठी लिहितो:

थांबा थांबा, रिबेरोंवर वेगळा धागा काढा आणि लिंक इथे टाका, नाहीतर इथे परत पंजाब सुरू होईल आणि संपादक धागा बंद करतील. ताई, तुम्ही तेवढं एक सांगा, तुमच्याकडे त्या बार्टली ग्रीनच्या स्टॉपवर किंवा ऑफिसात म्हात्रेंच्या नावाची पाटीबिटी काही आहे का? पुतणी पुढच्या वर्षी तिकडे शिकायला येतेय, तिला सांगून ठेवतो.